हायड्रोजन गेला कुठे?

लेखाचं नाव वाचून मेसमधल्या रिकाम्या गॅस सिलिंडरबद्दल लिहिलंय असं समजू नका! हा लेख माझ्या फायनल इयरच्या प्रोजेक्टबद्दल आहे. प्रोजेक्टचं नाव ऐकून हॉस्टेलमधले मेकॅनिकलवाले अजूनही हसतात: "साध्या कच्च्या मालापासून धातू-उत्प्रेरकाच्या साह्याने ऑक्सिडेटिव्ह पद्धतीने क्विनोलिन." नाव लांबलचक असलं तरी आतली गोष्ट एका प्रश्नात मावते, आणि तो प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. तो बदलापूरला घरी, जेवणाच्या ताटावर मिळाला.

माझे बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्याच्या इटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणावर, ऑपरेटर आहेत. आयटीआयचा एओसीपी झालेले. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी त्यांना मोठ्या ऐटीत कागदावर रिअॅक्शन काढून दाखवली. बाणाच्या अलीकडे दोन पदार्थ, बाणाच्या वर उत्प्रेरक, पलीकडे क्विनोलिन. बाबांनी चष्मा लावून कागद बघितला आणि म्हणाले, "छान आहे रे. पण तुमच्या कागदावर बाणाच्या पुढे एकच पदार्थ असतो. आमच्याकडे टाकीत बाकीचे सगळे येतात. ते कुठे लिहिलेत?"

मी म्हटलं, "बाबा, हे ऑक्सिडेशन आहे. फक्त हायड्रोजन निघतो."

"निघतो म्हणजे? जातो कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे चार महिने मी तेच शोधत होतो. ते सापडलं कसं, आणि त्या नादात आमचं छापून तयार असलेलं पोस्टर फुकट कसं गेलं, ते आता सांगतो.

क्विनोलिन म्हणजे कोण?

नॅप्थॅलिनच्या गोळ्या सगळ्यांना माहीत आहेत. बेंझिनची दोन वलयं एकमेकांना चिकटलेली. त्यातल्या एका ठिकाणचा कार्बन काढून तिथे नायट्रोजन बसवला की झालं क्विनोलिन. सुमारे २३७ अंश सेल्सिअसला उकळणारा, उग्र वासाचा द्रव. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३४ मध्ये तो डांबरातून वेगळा केला. पुढे १८४२ मध्ये गेर्हार्टने सिंकोनाच्या सालीतली अल्कलॉइडं तीव्र अल्कलीबरोबर तापवून तोच पदार्थ मिळवला. नावातलं 'क्विन' तिथूनच, क्विनाइनवरून आलं.

हा सांगाडा आपल्याला रोज कुठे ना कुठे भेटतो. मलेरियावरचं क्लोरोक्विन क्विनोलिनचंच. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं नाव तर २०२० मध्ये शाळकरी पोरांनाही पाठ झालं होतं. भारताने मार्च २०२० मध्ये त्याच्या निर्यातीवर आधी बंदी घातली आणि मग एप्रिलमध्ये ती शिथिल केली, तेव्हा जगभर धावपळ उडाली. कोविडवर त्याचा उपयोग नाही हे नंतरच्या चाचण्यांत दिसलं, पण संधिवात आणि ल्युपसच्या रुग्णांना ते आजही लागतं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनीही नाक मुरडू नये. १९८७ मध्ये टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी जो ओएलईडी करून दाखवला, त्यात प्रकाश देणारा थर अॅल्युमिनियम आणि ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन यांच्या संयुगाचा होता.

जुनी भट्टी

१८८० मध्ये व्हिएन्नात स्क्राउप याने क्विनोलिन बनवण्याची जी कृती दिली, ती आजही पाठ्यपुस्तकात आहे. अॅनिलिन, ग्लिसरॉल, तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि एखादा ऑक्सिडंट, बहुधा नायट्रोबेंझीन. आम्ल ग्लिसरॉलमधलं पाणी खेचून घेतं आणि अॅक्रोलीन तयार होतं. ते अॅनिलिनला जोडलं जातं, वलय मिटतं आणि डायहायड्रोक्विनोलिन बनतं. क्विनोलिन व्हायला अजून दोन हायड्रोजन अणू काढायचे राहतात. ते नायट्रोबेंझीन घेतं, आणि घेता घेता स्वतः अॅनिलिन बनतं. म्हणजे ऑक्सिडंटच पुन्हा कच्चा माल! तीन मोल क्विनोलिनमागे हिशेबाने एकच मोल नायट्रोबेंझीन पुरतं. जुन्या माणसांची ही हुशारी मला फार आवडली.

पण ही रिअॅक्शन भडक डोक्याची. एकदा सुरू झाली की उष्णता इतक्या जोरात सुटते की मिश्रण उसळून बाहेर येऊ शकतं. तिला ताब्यात ठेवायला फेरस सल्फेट घालतात. आणि खरा त्रास शेवटी. तळाशी काळं डांबर आणि भरपूर उरलेलं आम्ल. आम्ल चुन्याने मारायचं म्हटलं तर ९८ किलो सल्फ्युरिक आम्लामागे १७२ किलो जिप्सम पडतं. प्रॉडक्टपेक्षा गाळ जास्त.

आमच्या भागाला सल्फ्युरिक आम्ल नवीन नाही. धरमसी मोरारजी केमिकल कंपनी १९१९ साली स्थापन झाली आणि अंबरनाथला सल्फ्युरिक आम्ल आणि सुपरफॉस्फेट बनू लागलं. म्हणजे इथला केमिकलचा धंदा एमआयडीसीच्याही आधीचा, शंभर वर्षांचा. इथल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटली, आमचीही.

फ्रीडलँडरची वाट आणि धातूचा हात

स्क्राउपनंतर दोनच वर्षांनी, १८८२ मध्ये, फ्रीडलँडरने सौम्य वाट दाखवली. २-अमिनोबेंझाल्डिहाइड आणि एक किटोन घ्यायचं, थोडा अल्कली घालायचा. दोन रेणू पाणी निघून जातं आणि क्विनोलिनचं वलय तयार. ऑक्सिडंट नाही, डांबर नाही. मग सगळे हेच का करत नाहीत? कारण २-अमिनोबेंझाल्डिहाइड हा बिनभरवशाचा गडी. त्याच्या एकाच रेणूत अमिनो गट आणि अल्डिहाइड दोन्ही असल्याने बाटलीत ठेवल्या ठेवल्या तो स्वतःशीच जुळतो.

यावर तोडगा असा, की अल्डिहाइड विकत आणायचंच नाही. त्याचा भाऊ २-अमिनोबेंझिल अल्कोहोल बाटलीत शांत बसतो. तो घ्यायचा, भांड्यातच त्याचे दोन हायड्रोजन काढून अल्डिहाइड बनवायचं, आणि ते बिघडायच्या आत किटोनने त्याला पकडायचं. हायड्रोजन काढायचं काम धातूकडे. दक्षिण कोरियातल्या चो, शिम आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे रुथेनियम वापरून केलं: डायऑक्सेन द्रावक, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि ८० अंश तापमान. रुथेनियम महाग, म्हणून पुढे २००६ मध्ये याच मंडळींनी साधं कॉपर क्लोराइड आणि ऑक्सिजन वापरून तेच केलं. कॉपर क्लोराइड आमच्या लॅबच्या कपाटातही होतं. झालं, प्रोजेक्ट ठरला! किटोन म्हणून अॅसिटोफिनोन घेतलं. त्यातून २-फिनाइलक्विनोलिन मिळतं.

जमाखर्च

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. एक मोल, म्हणजे २०५ ग्रॅम, २-फिनाइलक्विनोलिन करायचं तर १२३ ग्रॅम अमिनो अल्कोहोल आणि १२० ग्रॅम अॅसिटोफिनोन लागतं. दोन्हींची बेरीज २४३ ग्रॅम. त्यातून ३६ ग्रॅम पाणी आणि फक्त २ ग्रॅम हायड्रोजन बाहेर जातो. दोन ग्रॅम! पण या दोन ग्रॅमला कोण घेऊन जातं, त्यावर सगळा खेळ आहे.

१. मॅंगनीज डायऑक्साइडने काढला तर: हिशेबाने ८७ ग्रॅम पुरतं, पण ही भुकटी फक्त पृष्ठभागावर काम करते म्हणून प्रयोगशाळेत पाचपट, दहापट टाकतात. पाचपट धरलं तरी ४३५ ग्रॅम. एक किलो मालामागे दोन किलोंहून जास्त काळा गाळ.

२. जादा किटोनने घेतला तर: आणखी १२० ग्रॅम अॅसिटोफिनोन खर्ची पडून १२२ ग्रॅम १-फिनाइलइथेनॉल बनतं. एक किलो मालामागे सुमारे ६०० ग्रॅम.

३. ऑक्सिजनने घेतला तर: १६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि १८ ग्रॅम पाणी बनतं. एक किलो मालामागे जेमतेम ८८ ग्रॅम.

४. कुणीच घेतला नाही, हायड्रोजन वायू म्हणूनच निघाला तर: २ ग्रॅम. एक किलोमागे १० ग्रॅम.

पुस्तकात या चारही ठिकाणी बाणाच्या वर एकच शब्द असतो, 'ऑक्सिडेशन'. परीक्षेत चारही उत्तरांना सारखेच मार्क. पण बाबांच्या टाकीत या चौघांची चार वेगळी रूपं येतात. कच्च्या मालातलं किती वजन खरंच प्रॉडक्टमध्ये जातं याला अॅटम इकॉनॉमी म्हणतात. चौथ्या वाटेने ती ८४ टक्के, तिसऱ्याने ७९, आणि दुसऱ्याने ५६. ही व्याख्या मी दुसऱ्या वर्षी पाठ केली होती. तिचा अर्थ आता कळला.

आमचे चार फ्लास्क

फेब्रुवारीपर्यंत आमचं सगळं झकास चाललं होतं. कॉपर क्लोराइड टाकायचं, हवा सोडायची, गरम करायचं. टीएलसीवर यूव्ही दिव्याखाली प्रॉडक्टचा ठसठशीत ठिपका दिसायचा. एका राज्यस्तरीय स्पर्धेसाठी पोस्टर छापून घेतलं, सहाशे रुपये मोजून. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: "तांबे आणि हवा यांच्या साह्याने हरित क्विनोलिन".

स्पर्धेला आठवडा असताना आमच्या गाइड सरांनी सहज विचारलं, "ब्लँक केलात ना रे?"

ब्लँक म्हणजे उत्प्रेरक न घालता केलेला प्रयोग. आम्ही एकमेकांकडे बघितलं. चार महिन्यांत केलाच नव्हता! सर काही बोलले नाहीत, फक्त फळ्यावर चार चौकोन काढले: तांबे आणि हवा, तांबे आणि नायट्रोजन, बिनतांब्याची हवा, बिनतांब्याचा नायट्रोजन. बाकी सगळं सारखं. तोच अल्कली, तेच तापमान, तेवढाच वेळ.

त्या रात्री मी आणि माझा पार्टनर लॅबमध्येच होतो. चौथ्या फ्लास्कमध्ये तांबं नाही, हवा नाही. तिथे काहीच होऊ नये अशी आमची मनोमन प्रार्थना. पहाटे टीएलसीची प्लेट यूव्हीखाली धरली आणि पोटात गोळा आला. चौथ्या ओळीतही प्रॉडक्टचा ठिपका होता. फिका, पण होता. शिवाय त्याच्या खाली आणखी एक ठिपका, जो आम्ही इतके दिवस 'अशुद्धी' म्हणून सोडून देत होतो.

पार्टनर म्हणाला, "यार, चौथा फ्लास्क कुणी बघितलाय?" खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात क्षणभर तेच आलं होतं. पोस्टर छापलेलं, नाव नोंदवलेलं. पण तो ठिपका मला बाबांच्याच भाषेत विचारत होता: हायड्रोजन गेला कुठे? तांबं नाही, ऑक्सिजन नाही, तरी अल्कोहोलचं अल्डिहाइड झालंय. म्हणजे कुणीतरी हायड्रोजन घेतलाच आहे.

दुपारी आम्ही अॅसिटोफिनोनचं सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण करून १-फिनाइलइथेनॉल बनवलं आणि त्या ठिपक्याशेजारी लावलं. दोन्ही एकाच उंचीवर! उत्तर मिळालं. आम्ही किटोन दुप्पट घालत होतो. अल्कलीच्या मदतीने अमिनो अल्कोहोल आपला हायड्रोजन थेट जादा किटोनला देत होतं, वरच्या यादीतली दोन नंबरची वाट. लायब्ररीत शोधलं तर कळलं की स्पेनमधल्या अलिकांते इथल्या मार्टिनेझ, रामोन आणि युस यांनी २००८ मध्येच, धातूशिवाय, फक्त तीव्र अल्कली आणि हायड्रोजन घेणारं किटोन वापरून क्विनोलिन करून दाखवलं आहे.

मग तांबं फुकटच का? तसंही नाही. पहिल्या फ्लास्कमध्ये, म्हणजे तांबे आणि हवेत, प्रॉडक्टचा ठिपका सगळ्यांत गडद होता आणि १-फिनाइलइथेनॉलचा सगळ्यांत फिका. तांबं होतं तिथे बराचसा हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनकडे जाऊन पाणी होत होतं. तांबं काम करत होतं, पण एकटं नव्हतं. आमच्या पोस्टरने सगळं श्रेय त्याला देऊन टाकलं होतं.

आम्ही सरांना सगळं दाखवलं. सर म्हणाले, "आता तुमच्याकडे प्रोजेक्ट आहे. आधी नुसती रेसिपी होती." पोस्टर पुन्हा छापलं, आणखी सहाशे रुपये गेले. नव्या पोस्टरवर मधोमध ती टीएलसीची प्लेट होती, चारही ओळींसकट. बक्षीस मिळालं नाही. पण एका परीक्षकांनी प्लेटसमोर उभं राहून वीस मिनिटं प्रश्न विचारले, आणि एकाही प्रश्नाला मला थाप मारावी लागली नाही.

फ्लास्कमधून रिअॅक्टरमध्ये

आपण इंजिनिअरिंगवाले. तेव्हा 'हवा वापरा, पाणी मिळेल' म्हणून मोकळं होता येत नाही. व्हायवात हमखास विचारले जाणारे तीन मुद्दे ज्युनिअर्ससाठी लिहून ठेवतो.

पहिला, हवा. डायऑक्सेनचा फ्लॅश पॉइंट सुमारे १२ अंश, आणि आम्ही त्यात गरम असताना हवा सोडत होतो! शिवाय हवा लागली की डायऑक्सेन पेरॉक्साइड बनवतं. पन्नास मिलीच्या फ्लास्कमध्ये, फ्यूम हूडखाली, हे निभावलं. दोन हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये ती चक्क आग लावायची तयारी. तिथे नायट्रोजनने पातळ केलेला ऑक्सिजन, वरच्या मोकळ्या जागेत ऑक्सिजन मोजणारा मीटर, आणि शक्यतो दुसरं द्रावक हवं.

दुसरा, हायड्रोजन. चौथी वाट कागदावर सर्वांत स्वच्छ. व्हिएन्नातल्या किर्श्नर यांच्या गटाने २०१६ मध्ये मॅंगनीजच्या संयुगाने अमिनो अल्कोहोल आणि साधी अल्कोहोलं जोडून क्विनोलिन केलं. अल्कली लागतो, पण बाहेर फक्त पाणी आणि हायड्रोजन. स्क्राउपच्याच गावात, १३६ वर्षांनी! पण आमच्या पदार्थाची १०० किलोची बॅच धरली, तर एका मोलमागे एक मोल या हिशेबाने सुमारे ११ घनमीटर हायड्रोजन सुटेल. हवेत ४ टक्के झाला की तो पेट घेऊ शकतो. म्हणजे हॉस्टेलच्या तीस घनमीटरच्या नऊ खोल्या भरून स्फोटक मिश्रण. टाकाऊ माल दहा ग्रॅमवर आला तरी व्हेंटची काळजी वाढली.

तिसरा, धातू. उत्प्रेरक खर्च होत नाही, म्हणजेच तो शेवटी तिथेच असतो! क्विनोलिनचा नायट्रोजन तांब्याला धरून ठेवतो, त्यामुळे धातू निघता निघत नाही. आम्ही दोन मोल टक्के तांबं घातलं. सगळंच प्रॉडक्टमध्ये राहिलं असं धरलं तर एका किलोत सहा ग्रॅमच्या वर तांबं. समजा हा पदार्थ औषध असता आणि रोज ५०० मिलिग्रॅमची गोळी घ्यायची असती, तर पोटात ३.१ मिलिग्रॅम तांबं गेलं असतं. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तोंडावाटे रोजची मर्यादा तांब्यासाठी ३ मिलिग्रॅम, पण पॅलेडियम आणि रुथेनियमसाठी फक्त ०.१. तेवढंच पॅलेडियम वापरलं असतं तर मर्यादेच्या पन्नासपट! आणि प्रॉडक्टमधून काढलेला धातू पुन्हा जाणार कुठे? बाबांच्या टाकीत.

वालधुनीकाठी

कल्याणहून बदलापूर लोकल पकडली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ अशी स्टेशनं लागतात. या पट्ट्यात वालधुनी वाहते. अंबरनाथचं शिवमंदिर हिच्याच काठी आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख तिथे आहे. ज्या नदीकाठी शिलाहारांनी असं देऊळ बांधावं, त्या नदीवरून जाताना आता माणसं नाकाला रुमाल लावतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून वालधुनीत रसायन सोडलं गेलं आणि उल्हासनगरमधल्या अनेकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात जावं लागलं. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणावर वनशक्ती संस्थेच्या अर्जावरून राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये निकालही दिला. नदी फक्त कारखान्यांनी बिघडवली असं नाही, गावांचं न शुद्ध केलेलं सांडपाणीही तिच्यातच जातं. पण आपण ज्या धंद्यात शिरणार आहोत, त्याचा वाटा आपण नाकारू नये.

मला कारखाने बंद पडावेत असं वाटत नाही. माझी फी त्यातूनच भरली गेली आहे. मला एवढंच कळलं, की नदीपर्यंत काय पोहोचणार हे बऱ्याच अंशी इटीपीवर ठरत नाही. ते कुणीतरी टेबलाशी बसून बाणाच्या वर काय लिहायचं ते ठरवतो, तेव्हाच ठरतं. बाबांकडे येतं ते आधीच ठरलेलं असतं.

परवा घरी गेलो तेव्हा नव्या पोस्टरची छोटी प्रिंट बाबांना दाखवली. त्यावर बाणाच्या पुढे आता क्विनोलिन, पाणी, १-फिनाइलइथेनॉल आणि तांबं, सगळं लिहिलेलं होतं. बाबांनी नीट वाचलं. मग म्हणाले, "आणि द्रावक? ते डायऑक्सेन?"

ते लिहायचं राहिलं होतं.

ज्युनिअर्सना एवढंच सांगणं: आमच्या चार फ्लास्कची वही डिपार्टमेंटच्या लायब्ररीत ठेवली आहे. पुढचा प्रोजेक्ट तिथून सुरू करा. पहिल्याच दिवशी ब्लँक करा, बाणाच्या पुढचं सगळं लिहा, आणि डायऑक्सेनला पर्याय शोधा. बाबा वाट बघताहेत!

— अंतिम वर्ष, रासायनिक अभियांत्रिकी